तीन चाके, चार पट्टे

खास प्रतिनिधी, ठाणे

कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदर मार्गावर हे दृश्य नेहमीचे आहे. एक रिक्षा बंद पडलेली असते. मागून दुसरी रिक्षा येते, तिचा चालक एक पाय बाहेर काढून पुढच्या रिक्षेला टेकवतो आणि त्या पायाच्या जोरावर दोन्ही वाहने गॅरेजच्या दिशेने निघतात. बंद रिक्षेचा चालक हॅण्डल सांभाळतो, मागचा वेग सांभाळतो. यातील बंधुभाव वाखाणण्याजोगा असला तरी प्रकार धोक्याचाच. एखाद्या खड्ड्यात पुढची रिक्षा अडली तर मागच्याचा गुडघा जातो. तरीही दोन-चार किलोमीटरसाठी हीच पद्धत रूढ आहे.

मात्र चाकच जाम झाले, अपघातात पुढचा फोर्क वाकला, इंजिनात पुराचे पाणी शिरले किंवा रिक्षा गावी न्यायची असली, तर पायाचा उपयोग नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर तीनचाकींना प्रवेशच नाही. तेथून रिक्षा जाते ती दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसूनच. वयोमर्यादा संपलेली रिक्षा भंगारात जाताना, नवी रिक्षा विक्रेत्याकडे येतानाही तेच. अशा वेळी टेम्पो किंवा ट्रेलर ठरवला जातो, चार माणसे जमून रिक्षा वर चढवतात, हुडावरून एक नायलॉनची दोरी फिरवून दोन गाठी मारतात, मागच्या चाकाला दगड लावतात आणि ‘काही होत नाही भाऊ, जाऊ दे’ म्हणून टेम्पो सुटतो. बहुतेक वेळा खरेच काही होत नाही. पण एखाद्या वेळी होते, तेव्हा चारशे किलोचे धूड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या पुढ्यात पडते. त्याच्या जिवाचा हिशेब त्या दोन गाठींवर सोडलेला असतो. दुसरे नुकसान एवढे दिसत नाही. रिक्षा सुखरूप पोहोचते, आठवडाभराने हॅण्डल एका बाजूला ओढू लागते, पुढचे टायर एका कडेने झिजते आणि मालकाला कळत नाही की फोर्कला बाक आला तो रस्त्यावर नव्हे, टेम्पोच्या हौद्यात.

तीनचाकी वाहन चारचाकीसारखे बांधून चालत नाही आणि मोटारसायकलसारखेही नाही. याचे कारण तिच्या घडणीत आहे.

स्कूटरच्या वंशातील वाहन

आपली रिक्षा ही मुळात तीन चाकांची स्कूटरच. इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४८ साली आपल्या व्हेस्पा स्कूटरच्या पुढच्या अर्ध्या भागाला मागे दोन चाकांचा सांगाडा जोडून ‘आपे’ हे वाहन काढले. बजाजला १९५९ साली भारतात दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि त्याच घराण्यातील रिक्षा आपल्या रस्त्यांवर आली. आज बजाजच्या तीनचाकी वाळूजच्या कारखान्यात तयार होतात, तर पियाजिओच्या बारामतीत. मॉडेले बदलली, पेट्रोलच्या जागी सीएनजी आला, आता वीज येत आहे. पण मूळ आराखडा तोच राहिला. पुढे स्कूटरचे एक चाक व हॅण्डल, मागे दोन चाके, आणि इंजिन मागच्या आसनाखाली.

नेहमीच्या प्रवासी रिक्षेची लांबी सुमारे २.६ मीटर, रुंदी १.३ मीटर, उंची १.७ मीटर असते. पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे २ मीटरचे अंतर असते. रिकाम्या रिक्षेचे वजन इंधनाच्या प्रकारानुसार साधारण साडेतीनशे ते चारशे किलो भरते आणि त्यातला मोठा वाटा मागच्या चाकांवर असतो. पुढचे चाक त्या मानाने हलके असते. वळणावर रिक्षा पुढच्या चाकाने ‘उचलल्यासारखी’ का वाटते, याचे उत्तरही याच वाटणीत आहे.

आता जमिनीवर टेकणारे तीन बिंदू रेषांनी जोडून पाहावेत. चारचाकीचा आयत होतो, रिक्षेचा त्रिकोण. आयताचे चारही कोपरे भक्कम असतात. त्रिकोणाला पुढच्या बाजूस डावा आणि उजवा असे दोन कोपरेच नाहीत. वाहनाचा तोल जातो तो याच हरवलेल्या कोपऱ्यांच्या दिशेने. वजनाचा मध्य मागच्या चाकांपासून एक तृतीयांश अंतर पुढे आहे असे धरले, तर तिथून कलंडण्याच्या रेषेपर्यंतचे अंतर तेवढ्याच रुंदीच्या चारचाकीच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच भरते. वजन जितके पुढे सरकेल, तितका हा आधार अरुंद होत जातो. टेम्पोचालक ब्रेक मारतो तेव्हा वजन पुढे सरकते. ब्रेक मारता मारता वळण घेतो तेव्हा ते पुढे आणि बाजूला, म्हणजे नेमके हरवलेल्या कोपऱ्याकडे जाते. मुंब्रा बायपासच्या उतारावर किंवा शिळफाट्याच्या वळणावर टेम्पो नेमके हेच करीत असतो.

सबब, रिक्षा बांधताना पहिला प्रश्न ‘दोरी किती जाड’ हा नसून, हे दोन कोपरे कशाने भरून काढायचे, हा आहे.

वाहन कोणते, तोंड कुठे

आपल्याकडे बहुतेकांचा पहिला फोन ‘छोटा हत्ती’वाल्याला जातो. भाडे कमी आणि वजन पेलण्याची क्षमताही पुरेशी. अडचण वजनाची नाही, लांबीची आहे. त्या टेम्पोचा हौदा साधारण ७ फुटांचा आणि रिक्षा साडेआठ फुटांहून लांब. मग मागचा फाळका उघडा ठेवून साखळ्यांवर लोंबकळत सोडतात आणि रिक्षेचा मागचा भाग, म्हणजे नेमका जड भाग, बाहेर काढतात. त्यापेक्षा वाईट गोष्ट अशी की रिक्षेच्या मागे पट्टा खाली उतरवायला जागाच उरत नाही. मागून ओढणारा पट्टा नसेल तर ब्रेकच्या वेळी रिक्षेला पुढे जाण्यापासून काय अडवणार? हुडावरून टाकलेली दोरी तर नाहीच. म्हणून ९-१० फुटी हौद्याचा पिकअप किंवा मोठा टेम्पो घ्यावा. अपघातग्रस्त गाड्या उचलणारी, हौदा मागे कलून जमिनीला लागणारी फ्लॅटबेड व्हॅन मिळाली तर उत्तम. दोनशे-चारशे रुपये वाचवण्याची जागा ही नव्हे.

जीपच्या किंवा मोटारीच्या मागे जोडायचा छोटा ट्रेलर वापरणारे आपल्याकडे थोडे असले तरी आहेत, आणि त्यात एक फसवी गोष्ट आहे. मोटारी वाहण्यासाठी बनवलेल्या अनेक ट्रेलरना पूर्ण तळ नसतो; दोन बाजूंच्या चाकांसाठी दोन पट्ट्या आणि मधे पोकळी. रिक्षेची मागची चाके पट्ट्यांवर बसतात, पुढचे चाक मात्र पोकळीवर लोंबते. मोटारसायकलच्या ट्रेलरला याच्या उलट मधेच एक पन्हळ असते. रिक्षेसाठी सलग तळच हवा.

ट्रेलरवर रिक्षेचे तोंड कुठे करायचे, हेही ठरवावे लागते. ट्रेलरचा थोडा भार पुढे, जोडणीच्या आकड्यावर पडायला हवा. साधारणपणे एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. भार ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेला की आकडा वर उचलला जातो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा दोन्ही बाजूंना झुलू लागतो. रिक्षा नाक पुढे करून चढवली की तिचे जड इंजिन ट्रेलरच्या मागच्या टोकाला येते, म्हणजे नको तिथे. त्यामुळे एक तर रिक्षा पुरेशी पुढे सरकवून बसवावी किंवा पाठ पुढे करून चढवावी. पाठ पुढे करण्याचा आणखी एक फायदा आहे. ब्रेकच्या वेळी वजन दोन चाकांच्या रुंद बाजूकडे सरकते, एकाकी चाकाकडे नाही. मात्र अशा वेळी समोरचा वारा हुडात मागून शिरतो, म्हणून हूड नीट आवळून बांधावा लागतो किंवा उतरवून ठेवावा लागतो. टेम्पोच्या हौद्यात जोडणीच्या भाराचा प्रश्न नसतो. तिथेही जमत असेल तर पाठ केबिनकडे करणे चांगले. पण अरुंद गल्लीत उलटी रिक्षा फळीवर चढवताना माणसांच्या अंगावर येणार असेल, तर हा हट्ट धरू नये.

चढवण्याचे गणित साधे असले तरी दुखापती बहुधा इथेच होतात. हौदा जमिनीपासून अडीच फूट उंच असेल आणि फळी ६ फुटांची, तर साडेतीनशे-चारशे किलोची रिक्षा वर ओढायला सुमारे १६० किलोचा जोर लागतो. १० फुटांची फळी घेतली की तोच जोर ९५ किलोंवर येतो. दोन-तीन माणसांना तो झेपतो. फळ्या दोन नव्हेत, तीन लागतात, ही गोष्ट आयत्या वेळी लक्षात येते आणि मग मधल्या चाकासाठी शेजारच्या बांधकामावरून पाट आणला जातो. ओढणारे पुढे, ढकलणारे बाजूला उभे राहावेत; बरोबर मागे कोणीही नसावे. एकाने लाकडी ठोकळा घेऊन दर हातभर चढावर चाकामागे सरकवत राहावे. इंजिन सुरू असले तरी फळीवरून रिक्षा जोरात चालवत वर नेण्याचा पराक्रम करू नये. पुढचे हलके चाक चढावर आणखी हलके होते आणि हॅण्डलला काही अर्थ उरत नाही.

बांधायचे कशाला

बांधणीत सर्वाधिक चुका होतात त्या ‘कशाने’मध्ये नव्हे, ‘कशाला’मध्ये. हूड, हुडाचे पाइप, मागच्या आसनाची दांडी, आरसा, समोरच्या काचेची चौकट यांपैकी एकही भाग वाहनाचे वजन पेलण्यासाठी केलेला नाही. हुडावरून दोरी आवळली की पाइप आत दबतात. रिक्षा मात्र खालून मोकळीच राहते.

यात स्प्रिंगचाही भाग आहे. रिक्षेच्या प्रत्येक चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप असतो. दोरी अंगावरून आवळली तर ती स्प्रिंगला दाबून घट्ट झालेली असते. खड्डा आला की रिक्षेचे अंग आणखी खाली बसते, क्षणभर दोरी सैल पडते आणि आकडा कडीतून निसटतो. पत्रीपुलापासून काटई नाक्यापर्यंत असे किती क्षण येतात, हे कल्याण-डोंबिवलीकरांना सांगायला नको. म्हणून पट्टा शक्यतो स्प्रिंगच्या खालच्या भागाला, म्हणजे चाकाजवळ लावावा. मागच्या बाजूला प्रत्येक चाकाचा स्वतंत्र आर्म असतो. त्याला चाकालगत कापडी फास घालून पट्टा जोडता येतो. त्या आर्मवरून ब्रेकची नळी जाते आणि शेजारी चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचे रबरी बूट असते. फास या दोन्हींवर येऊ देऊ नये. पुढे फोर्कचा खालचा भाग, चाकाच्या अगदी जवळचा, धरावा. हॅण्डलला बांधण्याची मोटारसायकलवाल्यांची सवय रिक्षेत अपायकारक ठरते. हॅण्डलपासून चाकापर्यंतची लांब नळी मग प्रत्येक हिसक्याला वाकत राहते आणि आठवडाभराने दिसणारा बाक येतो तो यातूनच.

पट्टे चार. पुढचे दोन पुढे आणि खाली ओढणारे, मागचे दोन मागे आणि खाली ओढणारे. चौघांची एकमेकांशी रस्सीखेच चालू राहील असे. पुढच्या एका चाकापासून निघणारे दोन पट्टे हौद्याच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांकडे फाकवले की त्रिकोणाचे हरवलेले दोन कोपरे भरून निघतात. मागे रिक्षा आणि हौदा यांच्या रुंदीत फारसा फरक नसल्याने पट्टे बाहेर फाकत नाहीत. तिथे ते फुलीसारखे आडवे टाकावेत, डाव्या चाकाचा पट्टा उजव्या कोपऱ्यात आणि उजव्याचा डाव्यात. बाजूचा धक्का त्याने अडतो. पट्टा जमिनीशी साधारण ४५ अंशांत उतरला तर त्याच्या ताणाचा सुमारे ७० टक्के भाग आडव्या दिशेला आणि तेवढाच खालच्या दिशेला कामी येतो. फार उभा पट्टा फक्त दाबतो, फार आडवा फक्त ओढतो.

बांधण्यापूर्वी हॅण्डल सरळ, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला आणि प्रत्येक चाकाच्या पुढे-मागे लाकडी ठोकळा असावा. दगड घरंगळतो, ठोकळा तळाला खिळ्याने ठोकता येतो किंवा दोन ठोकळे एकमेकांना बांधता येतात. पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनीही ठोकळे लावावेत, कारण तेच एकटे डावी-उजवीकडे सरकू शकते. पट्टा धारदार कडेवरून जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा गोणपाट घालावे.

पट्टे आवळायचे तेही आळीपाळीने. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर रिक्षा एका बाजूला खेचली जाते. रिक्षा हलवून पाहिली की हौद्यासकट टेम्पो डुलला पाहिजे. रिक्षा वेगळी आणि टेम्पो वेगळा हलत असेल तर बांधणी कच्ची आहे. त्याच वेळी स्प्रिंग पूर्ण बसेपर्यंत आवळणेही चुकीचे.

दोरी की पट्टा

टेम्पोचालकांच्या हातातील कसब कमी लेखण्याचे कारण नाही. फास टाकून दोरी दुहेरी ओढण्याची त्यांची गाठ ही कप्पीच्या तत्त्वावर चालते आणि ती फर्निचर, पिंप, पोती यांना उत्तम धरते. पण नायलॉनची दोरी ताणली जाते, ओली झाल्यावर थोडी दुबळी होते आणि गाठ मारली की तिची मूळ ताकद बरीच घटते. काही गाठींत निम्म्यावर येते. उन्हात वर्षभर पडलेली पिवळी प्लास्टिकची दोरी तर वाहन बांधण्याच्या लायकीचीच नसते. रॅचेटचा पॉलिएस्टर पट्टा ताणला जातो कमी आणि दात्यांच्या खटक्याने आवळलेला ताण टिकवतो.

हिशेब करून पाहू. रिक्षा ३८० किलोची. टेम्पोचालकाने कचकन ब्रेक मारला तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा जोर सहज येतो, म्हणजे रिक्षा १९० किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते. युरोपात माल बांधण्याचे गणित पुढच्या दिशेला आठ दशांश आणि बाजूला व मागे निम्मा जोर धरून करतात. त्या मापाने पुढचा जोर ३०० किलोंवर जातो. यातला काही भाग रबर आणि लोखंड यांच्या घर्षणाने पेलला जातो, पण पावसात चेकर्ड पत्रा ओला झाला की त्यावर विसंबता येत नाही. पट्ट्याच्या लेबलावर ‘एलसी’ या अक्षरांपुढे डेकान्यूटनमध्ये आकडा असतो. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा जोर. रुंदीवर किंवा दुकानदाराच्या शब्दावर न जाता हा आकडा वाचावा. प्रत्येक पट्टा किमान ५०० चा असेल तर रिक्षेसाठी पुरेशी सोय राहते. ज्या पट्ट्यावर लेबलच नाही, त्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. कडा फाटलेला, वितळलेला किंवा गाठ मारून जोडलेला पट्टा वापरू नये. आणि पट्टा कितीही चांगला असला तरी तो हौद्याच्या पातळ पत्र्याला अडकवला असेल तर पत्राच फाटेल. कडी हौद्याच्या सांगाड्याला वेल्ड केलेली हवी. भाडे ठरवतानाच हौद्यात कड्या आहेत का, हे विचारावे.

निघाल्यावर पहिल्या पाच-सात किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा तपासणे आवश्यक आहे. चाके तळावर बसतात, फास सरकतात आणि पट्टे हमखास थोडे सैल पडतात. डोंबिवलीहून निघालेल्याने शिळफाट्याच्या गर्दीत शिरण्याआधी, कल्याणहून माळशेजकडे निघालेल्याने मुरबाड रस्त्याला लागताच आणि पुन्हा घाटाच्या पायथ्याशी थांबावे. मेट्रोच्या कामांमुळे ठाणे-कल्याण पट्ट्यात वर्षानुवर्षे वळणरस्ते आणि लोखंडी पत्र्यांचे उंचवटे भोगावे लागले आहेत. अशा रस्त्यावर बांधणीची कसोटी वेगापेक्षा हिसक्यांनी लागते. प्रवासात रिक्षेत कोणी बसू नये. मालक आपल्याच रिक्षेच्या मागच्या आसनावर ऐटीत बसून चालला आहे, हे दृश्य गमतीचे वाटते, पण रिक्षा कलंडली तर सुटकेला त्याला वाव नसतो.

पूर, गॅस आणि वीज

पावसाळ्यात रिक्षा वाहून नेण्याची गरज एकदम वाढते. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूर परिसर पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरणे नवे नाही. पाण्यात बुडालेली रिक्षा ‘सुरू होते का बघू’ म्हणून किक किंवा बटण मारणे हा सर्वांत महागडा मोह आहे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. अशी रिक्षा न सुरू करता उचलून गॅरेजला न्यावी.

सीएनजी रिक्षेची टाकीलगतची झडप चढवण्यापूर्वी बंद करावी. इंजिन सुरू असेल तर झडप बंद करून नळीतील गॅस संपेपर्यंत ते चालू द्यावे; पेट्रोलची छोटी टाकी असल्यास तिचा कॉकही बंद करावा. टाकीचे पट्टे किंवा ब्रॅकेट हे बांधण्याचे ठिकाण नव्हे. अपघातानंतर गॅसचा वास येत असेल तर बंदिस्त वाहनात रिक्षा घालूच नये. विजेवरील रिक्षेचा मुख्य स्विच बंद करावा. अशी रिक्षा चाके फिरत ठेवून ओढत नेण्याचे आणखी एक कारणाने टाळावे: अनेक मॉडेलांत चाक फिरले की मोटर फिरते, मोटर फिरली की ती वीज निर्माण करते आणि त्याने नियंत्रक बिघडू शकतो. या वाहनांना हौदाच बरा.

जोडचाकांची स्कूटर

तीनचाकी म्हणून ओळखले जाणारे आणखी एक वाहन आपल्या शहरांत दिसते. दिव्यांग व्यक्ती वापरतात ती, मागे दोन्ही बाजूंना जोडचाके लावलेली गिअरलेस स्कूटर. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी डबा आहे, पण स्थानकापर्यंतचा आणि स्थानकानंतरचा प्रवास अनेकांना या स्कूटरवाचून अशक्य असतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा वाहनासाठी पूर्वी वापरला जाणारा ‘अपंगांची गाडी’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग जाऊन ‘अनुकूल केलेले वाहन’ अशा अर्थाची व्याख्या आली.

घर बदलताना, डोंबिवलीहून बदलापूरला किंवा ठाण्याहून गावी जाताना ही स्कूटर सामानाच्या टेम्पोत जाते आणि हमाल ती स्वाभाविकच हाताला लागेल तिथे, म्हणजे जोडचाकांच्या दांड्यांना धरून उचलतात. या दांड्या खालून येणारा भार पेलण्यासाठी असतात, वर उचलण्यासाठी नाहीत. वेल्डिंगला बारीक तडा जातो, तो रंगाखाली लपतो आणि पुढे भर रस्त्यात दांडी तुटते. त्यावर बसलेल्या माणसाला पाय टेकून तोल सावरता येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या तड्याची किंमत कळते. त्यामुळे ही स्कूटर उचलू नये. लांब व रुंद फळीवरून ढकलत चढवावी. पट्टे स्कूटरच्या मूळ सांगाड्याला लावावेत: पुढे फोर्कच्या खालच्या भागाला, मागे आसनाखालच्या चॅसिसला. फायबरच्या कवचावरून पट्टा गेला की ते तडकते. या वाहनाचे वजन कमी असल्याने पट्टे बेताने आवळावेत. जोर अधिक झाला तर तो सगळा जोडचाकांच्या दांड्यांवर उतरून त्या फाकतात. स्कूटर पोहोचल्यावर मालक बसण्याआधी दोन्ही दांड्यांचे जोड आणि नट कोणीतरी खाली वाकून पाहावेत.

कागद आणि दंड

हौद्याबाहेर माल काढण्याबाबत कायदा आता कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये, माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीच्या मर्यादेबाहेर गेल्यास २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. छोट्या टेम्पोत वाचवलेल्या भाड्याशी या आकड्याची तुलना वाचकांनीच करावी. दोरीने ओढत न्यायचे तर पुढच्या व मागच्या वाहनात पाच मीटरहून अधिक अंतर ठेवता येत नाही. रिक्षेसाठी हा मार्ग तसाही बरा नाही, कारण दोरी पुढच्या एकाच चाकाच्या फोर्कला बांधली जाते आणि वळणावर तीच तिला आडवी पाडते.

विम्याबाबत मात्र एक दिलासा आहे. स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून देणाऱ्या नेहमीच्या मोटार विम्यात, वाहन रस्त्याने किंवा रेल्वेने दुसरीकडे नेले जात असताना झालेल्या नुकसानीचाही समावेश असतो. अनेक रिक्षाचालक खर्च वाचवण्यासाठी केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा घेतात; त्यांना ही भरपाई मिळत नाही. त्यांची रिक्षा टेम्पोतून पडली तर दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांची कमाई, दोन्ही पदरचे. दावा करायचा असेल तर चढवण्यापूर्वी चारही बाजूंनी आणि बांधल्यानंतर पट्ट्यांसह छायाचित्रे काढून ठेवलेली उपयोगी पडतात. मूळ नोंदणी प्रमाणपत्र टेम्पोचालकाच्या हाती देऊ नये, प्रत पुरते.

उतरवताना घाई हमखास होते, कारण पोहोचल्याचा निःश्वास आधीच टाकलेला असतो. पट्टे सोडण्यापूर्वी रिक्षेला मागे खेचून धरणारी एक दोरी केबिनच्या बाजूला अडकवावी, मग उताराच्या विरुद्ध बाजूचे पट्टे सोडावेत आणि ठोकळे सर्वांत शेवटी काढावेत. रॅचेटचा खटका उघडताना चेहरा त्याच्या रेषेत नसावा. जमिनीवर आल्यावर रिक्षा सपाट जागी शंभरेक मीटर रिकामी चालवून हॅण्डल एका बाजूला ओढते का, ब्रेक मारला की तोंड फिरते का, हे पाहावे. तसे होत असेल तर प्रवासी न घेता आधी गॅरेजला न्यावी, आणि टेम्पोचालक अजून तिथेच उभा असतानाच ते त्याच्या नजरेला आणून द्यावे.